घर आणि जग : हजुरी बागेंतील बारादरी

गेल्या महिन्यांत आलेलें एक पत्र आमच्या टेबलावर अजून उत्तराची वाट पाहत पडलें आहे. पत्र लिहिणाऱ्या भगिनी एका जुन्या घराण्याच्या मधल्या सूनबाई आहेत. त्यांच्या गांवच्या वाड्याची माडी दोन पावसाळ्यांपूर्वीं कोसळली. खालचा चौक, ओटी आणि देवघर शाबूत आहेत. परंतु भावंडें नोकरीनिमित्त चार गांवीं पांगलेलीं, त्यामुळें वाड्यांत बारमाही कोणीच राहत नाहीं. अशांत जुन्या लांकूडसामानाचा एक व्यापारी आला आणि ओटीचे सुरूदार खांब व दरवाजाची गणेशपट्टी यांची किंमत सांगून गेला. धाकट्या भाऊजींचें म्हणणें, खांब विकून टाकावे आणि त्या पैशांत जागा मोकळी करून घ्यावी. थोरल्या भाऊजींचें म्हणणें, माडी होती तशी पुन्हां चढवावी, मग खर्च कांहीं का होईना. आणि बाई विचारतात, "अर्धें पडलेलें घर, त्यांत राहणारें माणूस नाहीं, तर तें राखण्यांत अर्थ तो काय?"

हा प्रश्न त्यांच्या एकट्यांच्या घराचा नाहीं. कोंकणांत, देशावर, वऱ्हाडांत, जेथें जेथें एकत्र कुटुंबें पोटापाण्यासाठीं पांगलीं, तेथें तेथें तो उभा आहे. म्हणून घाईनें उत्तर देण्याऐवजीं या अंकीं आम्ही वाचकांस एका लहानशा इमारतीची हकीकत सांगणार आहों. ती आपल्या देशांत नाहीं. आम्हींही ती ग्रंथांतून व छायाचित्रांतूनच पाहिली आहे. तिचाही वरचा मजला पडलेला आहे, आणि ज्या राजवटीनें ती बांधली ती तर केव्हांच लयास गेली. तरी ती उभी आहे, आणि तिच्या उभें राहण्यांत बाईंच्या प्रश्नाचें बरेंचसें उत्तर आहे असें आम्हांस वाटतें.

ही इमारत लाहोरांत आहे. मराठी माणसास लाहोर हें नांव परकें नाहीं. १७५८ च्या एप्रिलांत राघोबादादांच्या फौजा त्या शहरांत शिरल्या. त्या वेळीं अदीनाबेगानें शालिमार बागेंत लाख रुपये खर्चून त्यांच्या स्वागतासाठीं मंडप उभारला असें सांगतात. पुढें १८०५ सालीं यशवंतराव होळकर इंग्रजांविरुद्ध साह्य मागावयास पंजाबांत गेले. ज्या तरुण राजाकडे ते गेले, तो रणजितसिंह. त्यानें होळकरांची बाजू न घेतां १८०६ च्या जानेवारींत इंग्रजांशीं तह केला. मराठ्यांना त्याचा राग येणें स्वाभाविक होतें. पण याच सावधपणामुळें त्याचें राज्य त्याच्या हयातींत टिकलें, हेंही मान्य केलें पाहिजे. आपली बारादरी याच रणजितसिंहाची.

जुन्या लाहोरच्या वायव्य कोपऱ्यांत दोन प्रचंड वास्तु एकमेकींसमोर उभ्या आहेत. पूर्वेस किल्ला व त्याचा आलमगिरी दरवाजा. पश्चिमेस बादशाही मशीद. मशीद १६७३ मध्यें पुरी झाली, दरवाजा त्यानंतर वर्षभरानें. दोन्ही औरंगजेबाच्या आज्ञेनें झालेल्या. या दोहोंमध्यें जो चौरस मोकळा भाग आहे, तीच हजुरी बाग. एका अंगास रोशनाई दरवाजा, दुसऱ्या अंगास खुद्द रणजितसिंहाची समाधि. आणि बागेच्या मधोमध पांढऱ्या संगमरवराची, एका दृष्टिक्षेपांत मावणारी, सुमारे पंचेचाळीस फूट चौरस बारादरी. मशिदीच्या पायऱ्या उतरणाऱ्या माणसाचें लक्ष किल्ल्याच्या दरवाजाकडे जातें, दरवाजांतून बाहेर पडणाऱ्याचें मशिदीकडे. मधली ही लहान इमारत अनेकांच्या नजरेंतून निसटत असेल.

बारादरी या शब्दाचा अर्थ बारा दारांची जागा. चौरस इमारतीच्या चारी बाजूंस तीन तीन दारें, अशी मूळ कल्पना. देवगिरीचा किल्ला चढून गेलेल्या वाचकांस शिखराजवळची बारादरी आठवत असेल. पुढें दारांची संख्या कमीजास्त झाली तरी नांव राहिलें, कारण महत्त्व संख्येचें नसून मोकळेपणाचें आहे. उत्तर हिंदुस्थानांतील उन्हाळा ज्यांनीं भोगला आहे त्यांस ही युक्ति लगेच कळेल. भिंतीच नसल्यामुळें वारा कोणत्याही दिशेनें आला तरी अडत नाहीं. उंच जोत्यामुळें जमिनीची धग व धूळ खालीं राहते. पुढें आलेल्या छज्जामुळें माथ्यावरचें ऊन आंत पोंचत नाहीं. हजुरी बागेंतील बारादरीस याखेरीज तळघरही आहे. कडक दुपारीं तेथें उतरून बसण्याची सोय होती. मधल्या दालनाचें छत आरशांच्या तुकड्यांनीं मढविलेलें. रात्रीं खालीं चार दिवे लावले म्हणजे वर चारशें दिसावे, अशी ही करामत. याच दालनांत रणजितसिंह दरबार भरवीत असे.

खांबांवरच्या महिरपींचा कांठ कमळाच्या पाकळ्यांप्रमाणें कातरलेला आहे. वाचकांनीं आपल्याकडील एखाद्या पेशवाई दिवाणखान्याची आठवण करावी. तेथें सागवानांत कोरलेल्या ज्या महिरपी आपण पाहतों, त्यांच्याच ह्या संगमरवरी बहिणी. दोन्हींचें माहेर मोगलांच्या बांधकामांत आहे. आपण ती रीत लांकडांत उतरविली, पंजाबांत ती दगडांत राहिली, एवढाच फरक. वाड्याचे खांब पाहून "हें आमचें" असें आपण अभिमानानें म्हणतों तेव्हां त्या खांबाचा आजोळचा वंशही ध्यानांत ठेवणें बरें.

आतां या संगमरवराची हकीकत ऐकावी, कारण खरी गोष्ट येथूनच सुरू होते. लाहोर गाळाच्या सपाट मैदानावर वसलें आहे. तेथें दगड नाहीं. बांधकामाचा नित्याचा माल म्हणजे वीट. मोगल बादशहांना संगमरवर हवा असे तेव्हां तो राजपुतान्यांतील मकराण्याच्या खाणींतून शेंकडों मैल गाड्यांवरून आणावा लागे. त्यांच्यापाशीं साम्राज्य होतें, वेळ होता, पैसा होता. रणजितसिंहाच्या काळीं लाहोरच्या आसपास मोगल अमीर-उमरावांच्या कबरी मात्र पुष्कळ होत्या, आणि त्यांवर तयार, घडीव, गुळगुळीत संगमरवर होता. तो उतरवून घेणें खाणींतून आणण्यापेक्षां कितीतरी सोपें. बारादरीचा संगमरवर अशा कबरींवरून आणलेला आहे. मुमताजमहलचा बाप असफखान, त्याची कबर लाहोरपलीकडे शाहदऱ्यास आहे. तिच्या घुमटावरील संगमरवर शिखांच्या अमदानींत उतरविला गेला. आज तो घुमट उघड्या विटांनिशीं उभा दिसतो.

रणजितसिंह कांहीं मुसलमानांचा द्वेष्टा म्हणून प्रसिद्ध नव्हता. त्याचा परराष्ट्रांशीं व्यवहार पाहणारा विश्वासू मंत्री फकीर अझीझुद्दीन हा मुसलमान होता, आणि या बागेची आंखणीही त्याच्याच देखरेखीखालीं झाली. तरी त्याच राजाच्या काळीं समोरच्या मशिदीच्या आवारांत घोडे व दारूगोळा ठेवीत असत. ती मशीद मुसलमानांस परत मिळाली ती १८५६ मध्यें, इंग्रजांच्या राज्यांत. एकाच मनुष्याच्या ठायीं औदार्य आणि बेपर्वाई कशी नांदते याचें हें उदाहरण आहे. राजेलोकांचे पोवाडे गातांना आपण एक बाजू उचलतों, निंदा करतांना दुसरी. दगड मात्र दोन्ही बाजू सांभाळून ठेवतो.

बागेचें निमित्तही असेंच बोलकें आहे. काबूलचा पदच्युत राजा शहाशुजा लाहोरास आश्रयाला आला होता. त्याच्यापाशीं कोहिनूर होता. १८१३ मध्यें रणजितसिंहानें तो त्याच्याकडून मिळविला. राजीखुषीनें मिळाला असें कोणीही म्हणणार नाहीं. त्या विजयाच्या स्मरणार्थ ही बाग उठविली आणि १८१८ पर्यंत बारादरी पुरी झाली, असें सांगतात. म्हणजे एका दगडाच्या प्राप्तीचा उत्सव करण्यासाठीं दुसरे दगड त्यांच्या धन्यांच्या थडग्यांवरून उचलले गेले! आणि पुढें काय झालें? १८३९ मध्यें रणजितसिंह वारला. १८४९ मध्यें इंग्रजांनीं पंजाब खालसा केला आणि त्याच्या दहा वर्षांच्या मुलाकडून, दुलीपसिंहाकडून, कोहिनूर घेतला. ज्याच्यासाठीं बारादरी बांधली तो हिरा सातां समुद्रांपलीकडे गेला. बारादरी जेथल्या तेथें राहिली. मौल्यवान वस्तु कमरेस बांधून नेतां येते. घर नेतां येत नाहीं. हें घराचें दौर्बल्य म्हणावें कीं सामर्थ्य?

मधल्या दहा वर्षांत या लहान बागेनें जें पाहिलें तें एखाद्या महाकाव्यास पुरेल. नोव्हेंबर १८४० मध्यें रणजितसिंहाचा मुलगा खड्गसिंह वारला. त्याचें दहन करून परत येत असतां याच बागेजवळच्या दरवाजाची कमान कोसळली आणि नातू नौनिहालसिंह प्राणास मुकला. दोन महिन्यांनीं, जानेवारी १८४१ मध्यें, गादीसाठीं भांडणाऱ्या शेरसिंहानें मशिदीच्या मनोऱ्यांवर लहान तोफा चढवून समोरच्या किल्ल्यावर मारा केला. किल्ल्यांत होती खड्गसिंहाची राणी चांदकौर व तिचे पक्षपाती. घरच्याच माणसांनीं घरच्याच माणसांवर चालविलेले ते गोळे बारादरीवरूनच गेले असले पाहिजेत. भाऊबंदकीचा पंजाबी अध्याय आपल्या अध्यायाहून फारसा निराळा नाहीं.

इंग्रजी अमलांत काढलेल्या छायाचित्रांत बारादरीचा वरचा मजला दिसतो. १९३२ च्या जुलैंत तो कोसळला. तेव्हांपासून इमारतीचा माथा सपाट आहे; न पाहिलेल्यास ती पहिल्यापासून तशीच होती असें वाटावें. १९३८ मध्यें कवि इक्बाल निवर्तले आणि त्यांचें दफन याच बागेंत, मशिदीच्या पायथ्याशीं झालें. १९४७ मध्यें फाळणी झाली. ज्या शीख समाजाच्या राजानें बारादरी उभारली, त्या समाजाचीं जवळजवळ सर्व कुटुंबें लाहोर सोडून गेलीं. घरास घरचें माणूस उरलें नाहीं.

आणि तरी बारादरी ओस पडली नाहीं. पुष्कळ वर्षें रविवारीं दुपारीं या बागेंत लोक जमत आणि पंजाबी कथाकाव्यें ऐकत: हीर-रांझा, सस्सी-पुन्नू. आपल्याकडे चातुर्मासांत ओटीवर पोथी लागते आणि शेजारपाजारच्या बायकामुलें येऊन बसतात, तसाच हा प्रकार. ऐकणारे बहुतेक मुसलमान, काव्य सर्वांचें, बाग शीख राजाची, मधल्या इमारतीचे दगड मोगलांचे. त्या दुपारीं कोणी कोणास "ही सांवली कोणाची?" असें विचारीत नसेल.

येथें अलीकडची एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. २०१९ च्या जूनमध्यें लाहोरच्या किल्ल्यांत रणजितसिंहाचा एक पुतळा बसविण्यांत आला. पुढील दोनअडीच वर्षांत माथेफिरूंनीं तो तीनदां फोडला. अखेर दुरुस्त करून २०२४ मध्यें तो कर्तारपूरच्या गुरुद्वाराच्या आवारांत उभा केला गेला. त्याच राजाची बारादरी तेथून हांकेच्या अंतरावर उभी आहे. असें कां व्हावें? आमचा तर्क असा कीं, पुतळा एका माणसाचें नांव घेऊन उभा असतो; पाहणाऱ्यास तो "माझ्या बाजूचा कीं विरुद्ध" असा प्रश्न करावयास लावतो. बारादरी तसें कांहीं विचारीत नाहीं. ती येणाऱ्यास सांवली देते. जी वास्तु उपयोगी पडते तिला रक्षणासाठीं पहारेकरी कमी लागतात.

आतां बाईंच्या प्रश्नाकडे वळूं. वारसा हा शब्द आपण मालमत्तेसारखा वापरतों. जें बापाचें तें माझें, मीं वाटेल तें करावें. परंतु आपल्याच घरांत दुसराही एक शब्द आहे: ठेव. शेजाऱ्यानें काशीस जातांना ठेवावयास दिलेला डबा आपण उघडत नाहीं, त्यांतलें कांहीं काढत नाहीं, आणि पोंचा आलेल्या डब्यास नवी कल्हईही परस्पर करीत नाहीं. जसा दिला तसा परत करतों. जुनी वास्तु ही आमच्या मतें अशी ठेव होय. ठेवणारे मागें गेले, घेणारे पुढें यावयाचे आहेत, आणि आपण मधले. कबरींवरील संगमरवर काढणाऱ्यांनीं ठेव मोडली. लाहोरच्या ज्या पिढ्यांनीं आपल्या नसलेल्या राजाची बारादरी आपल्या बागेंत राहूं दिली, त्यांनीं ती सांभाळली. पाषाणांचा मूळ धनी एक, बांधणारा दुसरा, आज राखणारा तिसरा. राखणाऱ्याचा धर्म यामुळें बदलत नाहीं. आपल्याही गांवोगांवीं ज्यांचे वंशज आतां तेथें नाहींत अशा छत्र्या, समाध्या, दर्गे व कारंजीं आहेत. त्यांच्याकडे पाहतांना लाहोरचें हें उदाहरण आपणांस लागू आहे.

यावरून धाकट्या भाऊजींस आमचें उत्तर मिळालेंच असेल. खांब विकूं नयेत. वाड्यापासून सुटलेला खांब कुठल्या तरी उपाहारगृहाच्या दर्शनी भागांत नुसती शोभा होऊन राहतो. तो कोणत्या ओटीचा, त्या ओटीवर कोण बसलें, हें सांगणारें कांहीं त्याच्याबरोबर जात नाहीं. वाडा राखणें खरोखरच अशक्य झालें, तर सुटे खांब विकण्यापेक्षां सबंध ओटी एखाद्या संग्रहालयास द्यावी. पुण्याच्या केळकर संग्रहालयांत कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून महाल पुन्हां उभारलेला आहे, तो पाहून यावा.

थोरल्या भाऊजींची भावना आम्हांस अधिक जवळची वाटते. पण त्यांचाही मार्ग आम्हांस पटत नाहीं. पडलेली माडी "होती तशी" करूं म्हणणें सोपें आहे. ती कशी होती याचीं मापें कोणापाशीं आहेत? हिंदुस्थानच्या पुराणवस्तु खात्याचे प्रमुख सर जॉन मार्शल यांनीं १९२३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या नियमपुस्तकांत हेंच बजावलें आहे कीं, जुन्या इमारतीचें रक्षण करावें, तिचें नवें रूप घडवूं नये. १९६४ च्या व्हेनिस येथील सनदेंतही, जेथें तर्क सुरू होतो तेथें जीर्णोद्धार थांबला पाहिजे, असें तत्त्व घातलें आहे. बारादरीचा वरचा मजला पुन्हां चढविला गेला नाहीं, आणि तिचें महत्त्व त्यामुळें उणें झालें नाहीं. आपला शनिवारवाडा १८२८ च्या फेब्रुवारींतील आगींत जळाला. आज तेथें तट, दरवाजा आणि जोतीं आहेत. पण मुलांना घेऊन त्या जोत्यांमधून फिरतांना कोणास कांहीं कमी कळतें काय? उलट काय गेलें हें त्या रिकाम्या जागेइतकें स्पष्ट दुसरें कोण सांगणार?

मग करावें काय? मोठें असें कांहीं नाहीं. पडलेल्या माडीच्या जागीं साधें छप्पर घालून खालच्या मजल्यावर पाणी पडूं देऊं नये. जुन्या घराचा खरा शत्रु काळ नसून पाणी आहे. मृगापूर्वीं पन्हळी साफ कराव्या, भिंतींत रुजलेलें पिंपळाचें रोप कोवळें आहे तोंच काढावें, खांबांच्या बुंध्याशीं वाळवी लागली आहे कीं काय तें पाहावें. चौकाचीं, ओटीचीं, खांबांचीं मापें घेऊन नकाशा करावा व छायाचित्रें काढावींत. घरांत सर्वांत वडील जें माणूस असेल त्यास विचारून, कोणती खोली कोणाची, बाळंतिणीची कोठली, माडी केव्हां बांधली, हें सर्व एका वहींत उतरून ठेवावें. भावंडांपैकीं एकानें वर्षाची जबाबदारी घ्यावी आणि बाकीच्यांनीं आपापला वांटा न मागतां पाठवावा. दर वर्षीं पाळी बदलावी. आणि सर्वांत महत्त्वाचें, ओटी बंद ठेवूं नये. गांवांतल्या मुलांना सायंकाळीं अभ्यासास ती द्यावी, पोथी लावावी, वाचनालयाचें एक कपाट ठेवावें. राहणारें माणूस नसलें तरी बसणारीं माणसें असूं शकतात.

खर्चाचा प्रश्न लहान नाहीं, हें आम्ही जाणतों. चार बिऱ्हाडें चालवून पांचवें रिकामें घर सांभाळणें सोपें नव्हे. म्हणून सर्व वाडा राखा असा आमचा आग्रह नाहीं. जें शाबूत आहे तें शाबूत राहील एवढें करावें. हजुरी बागेंतील बारादरी मूळच्या उंचीनें आज उभी नाहीं. जेवढी उरली तेवढीच उभी आहे, आणि तेवढीनें तिच्या सांवलींत बसणाऱ्यांस पुरेसें होतें.

असो. भावंडांनीं शेवटीं काय ठरविलें तें बाईंनीं आम्हांस अवश्य कळवावें. आणि घरांतील वहीचें पहिलें पान कोणीं लिहिलें, तेंही.